दरवर्षी तोच उंदीर

माझी भाची सोळा उंदरांपैकी डावीकडून चौथा उंदीर होती. हे मला आदल्या रात्री व्हॉट्सॅपवर दोनदा बजावण्यात आलं होतं, कारण मुखवटे चढवले की सगळे उंदीर सारखेच दिसतात आणि मामाने भलत्याच उंदराचा व्हिडिओ काढला तर पंचाईत. मी इमानदारीत डावीकडून चौथा उंदीर धरून ठेवला. मग लढाई सुरू झाली, रांग मोडली, आणि पुढची चार मिनिटं मी कुणाच्या लेकराचं शूटिंग केलं ते देवालाच ठाऊक.

ही गोष्ट डिसेंबर २०२३ची. कंपनीने चार महिन्यांसाठी न्यू जर्सीला पाठवलं होतं. मावसबहीण तिथेच राहते, त्यामुळे शनिवार-रविवारच्या वरणभाताची सोय होती. त्याच्या बदल्यात 'द नटक्रॅकर' बघायला जाणं आलं. बॅले मी कधी पाहिला नव्हता. बॅलेबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे सूनी तारापोरवालांचा 'ये बॅले' हा मुंबईच्या दोन पोरांवरचा सिनेमा, तोही लॉकडाऊनमध्ये, अर्धा मोबाईलवर.

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. ऑर्केस्ट्रा नव्हता, संगीत स्पीकरवरून. तिकिटं फाडायला कुणाच्या तरी आया बसलेल्या, बाहेर कुणाचे तरी बाबा कॉफी विकत होते. पडदा वर गेला तर ख्रिसमसची पार्टी चाललेली, आणि पाहुण्यांच्या गर्दीत काळा कोट घातलेले, मिशा चिकटवलेले आमचे दाजी! दाजी मूळचे परभणीचे. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत त्यांना चार जणांनी ओढून नाचवलं होतं आणि तरी ते दीड मिनिटात पळाले होते. तेच दाजी इथे एका अनोळखी बाईंपुढे कमरेत वाकून, त्यांचा हात धरून, तालात गोल फिरत होते. मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, "अरे, तिसरं वर्ष आहे त्यांचं."

त्या 'तिसरं वर्ष'वर मी बराच काळ अडकून राहिलो.

गोष्ट आधी सांगतो, ती फार मोठी नाही. ख्रिसमसच्या रात्री एका मुलीला लाकडी बाहुला भेट मिळतो. त्याच्या जबड्यात अक्रोड ठेवून फोडायचा. म्हणजे आपल्या आजीच्या अडकित्त्याचा लांबचा भाऊ. मध्यरात्री घरातलं झाड भलतंच वाढतं, उंदीर चाल करून येतात, बाहुला शिपाई होऊन लढतो. तो हरायला आला की मुलगी पायातली चप्पल काढून उंदरांच्या राजाला मारते. बाहुल्याचा राजपुत्र होतो. बर्फ पडतो. दोघं मिठायांच्या राज्यात जातात. संपलं. म्हणजे गोष्ट संपली. बॅले अजून अर्धा बाकी असतो.

दुसऱ्या अंकात काहीही घडत नाही. मुलगी आणि राजपुत्र एका बाजूला बसतात आणि त्यांच्यासमोर एकामागून एक नाच होतात. चॉकलेटचा स्पॅनिश नाच, कॉफीचा अरबी, चहाचा चिनी, मग रशियन, मग फुलांचा, शेवटी शुगर प्लम परीचा. मी पहिल्यांदा घड्याळ बघितलं ते चहाच्या वेळी. आणि तेवढ्यात डोक्यात ट्यूब पेटली: हे मी पाहिलंय. हे दर डिसेंबरमध्ये पाहिलंय. हे गॅदरिंग आहे! कोळीनृत्य झालं, आता शेतकरी, आता राजस्थानी, आता देशभक्तीपर, शेवटी मोठ्या मुलींचा नाच आणि आभारप्रदर्शन. फरक इतकाच की इथे निवेदिका नव्हती, आणि सगळ्या आयटमना एकत्र बांधायला पहिल्या अंकातली ती छोटीशी गोष्ट होती.

परत आल्यावर वाचायला लागलो, तर ही तक्रार एकट्या माझी नाही असं निघालं. हॉफमन या जर्मन लेखकाची मूळ कथा १८१६ची आणि बरीच भीतीदायक. अलेक्सांद्र द्युमाने १८४४मध्ये ती गोड करून फ्रेंचमध्ये आणली. त्यावरून मारियुस पेटिपाने बॅलेचा आराखडा लिहिला, संगीत चायकॉव्हस्कीचं. पेटिपा आजारी पडला म्हणून नाच लेव्ह इव्हानोव्हने बसवले. आपल्या कॅलेंडरप्रमाणे १८ डिसेंबर १८९२ला सेंट पीटर्सबर्गच्या मरिन्स्की थिएटरात पहिला प्रयोग झाला, तोही एका ऑपेराला जोडून. समीक्षक खूश नव्हते. रंगमंचावर पोरं फार, मुख्य नर्तिकेला नाचायला मिळतं तोवर रात्र संपत आलेली, दुसऱ्या अंकात गोष्टच नाही. संगीताला मात्र मान मिळाला. तो का मिळाला हे कळायला समीक्षक असावं लागत नाही. परीच्या नाचात जे नाजूक, काचेच्या मण्यांसारखं वाजतं ते सेलेस्टा नावाचं वाद्य तेव्हा नवंकोरं होतं. चायकॉव्हस्कीने ते पॅरिसमध्ये ऐकलं आणि आपल्या आधी दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून गुपचूप मागवलं. शाळेच्या फाटक्या स्पीकरवरही ते ऐकून अंगावर काटा आला.

आता १८९२ला जो दोष होता त्याचंच पुढे भांडवल झालं. 'रंगमंचावर पोरं फार.' अमेरिकेत पहिला पूर्ण प्रयोग १९४४च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत झाला, आणि १९५४मध्ये जॉर्ज बॅलन्शिनने न्यूयॉर्कमध्ये आपला प्रयोग उभा केला. बॅलन्शिन लहानपणी पीटर्सबर्गमध्ये याच बॅलेत नाचलेला. त्याने पोरं कमी केली नाहीत, नृत्यशाळेतली आणखी आणली. त्याच्या प्रयोगातलं झाड १२ फुटांवरून ४१ फुटांवर जातं आणि लोक ते बघायला येतात हे खरंच. न्यू जर्सीच्या शाळेत ते झाड म्हणजे दोरीने वर ओढलेलं हिरवं कापड होतं, मध्ये एकदा अडकलं, आणि टाळ्या त्यालाही पडल्या. कारण झाडासाठी कुणी आलेलंच नव्हतं. प्रत्येक जण डावीकडून चौथ्या कुणासाठी तरी आला होता.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला कलेपेक्षा त्याची रचना आधी दिसते, त्याबद्दल माफी. भाचीच्या नृत्यशाळेत ही जणू जिना चढायची योजना आहे. सगळ्यात लहान मुली दुसऱ्या अंकात एका उंच बाईच्या भल्यामोठ्या घेराच्या झग्याखालून बाहेर पडतात. पुढच्या वर्षी उंदीर. मग शिपाई. मग पार्टीतली मुलं. मग बर्फाचा कण, मग फूल. आणि एखादीच, एखाद्या वर्षी, ती चप्पल मारणारी मुलगी. भाची उंदीर होऊन विंगेत उभी असताना तिला पुढच्या पाच वर्षांच्या सगळ्या भूमिका समोर दिसत असतात. तिच्याहून मोठ्या मुली त्या करत असतात आणि त्या सगळ्या कधीतरी उंदीर होऊन गेलेल्या असतात. मध्यंतरात एक कॉलेजवयीन मुलगी तिच्या मुखवट्याची पट्टी बांधून देताना म्हणाली, की हा मुखवटा माझ्या वेळी डोळ्यावर यायचा, आत कापूस घाल. मुखवटा तोच. कापसाची युक्ती एकीकडून दुसरीकडे गेली. मला त्या संध्याकाळी कलाकृती म्हणून सगळ्यात महत्त्वाचं जे वाटलं, ते हे होतं.

आणि हा बॅले फिरत फिरत गावोगावी जात नाही. मोठ्या कंपन्यांचे दौरे असतात, पण खरा पसारा असा की प्रत्येक गाव तो आपापल्या पोरांना घेऊन नव्याने उभा करतं. संगीतावर आता कुणाचा हक्क नाही. पावलं ज्याने त्याने आपापली बसवावीत. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड खुलं आहे. घ्या आणि आपल्या सर्व्हरवर चालवा.

आता आपल्याकडे या.

माझी शाळा औरंगाबादची; तेव्हा शहराचं नाव तेच होतं. पाचवीत असताना, म्हणजे २००७च्या डिसेंबरात, मी गॅदरिंगमध्ये नाचलो. काय म्हणून नाचलो? धोतर होतं, डोक्याला फेटा होता. म्हणजे शेतकरी असणार, किंवा मावळा. गाणं आठवत नाही. आईला एवढंच आठवतं की ड्रेपरीवाल्याकडून आलेलं धोतर तीन सेफ्टीपिना लावूनही सुटत होतं आणि मी एका हाताने नाचत होतो. पुढच्या वर्षी गाणं वेगळं, कपडे वेगळे. आमचा नाच आम्ही कुणाला दिला नाही, आम्हालाही कुणी दिला नव्हता. दहा वर्षांची शाळा, दहा गॅदरिंगं, आणि त्यातलं एक पाऊलसुद्धा आज मला टाकता येत नाही.

गेल्या वर्षी, २०२४च्या डिसेंबरात, पुतण्याचं गॅदरिंग बघितलं. त्या वर्षी रीलवर जे वाजत होतं ते सगळं होतं. एलईडीची भिंत होती, धूर होता, ड्रोन होता. पोरं छान नाचली, खरंच छान. आमच्यापेक्षा कितीतरी सफाईने. घरी येताना त्याला विचारलं, "तू कोण होतास रे?" तो म्हणाला, "मी मागच्या लाइनमध्ये होतो." मी परत विचारलं, "पण होतास कोण?" त्याला प्रश्नच कळला नाही. भाचीला हाच प्रश्न विचारला असता तर तिने उंदरांची सगळी वंशावळ ऐकवली असती.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. सिनेमाची गाणी वाजवतात म्हणून संस्कृती बुडाली, असं माझं म्हणणं नाही. चायकॉव्हस्कीचं संगीतही त्याच्या काळात करमणुकीसाठीच होतं. माझी तक्रार गाण्याबद्दल नाही, ते गाणं पुढच्या वर्षी फेकून देण्याबद्दल आहे. आपल्याकडे काय नाही ते बघा: डिसेंबर आहे, पोरं आहेत, रंगरंगोटी आहे, भाड्याचे कपडे आहेत, फोन वर धरून बसलेले आईबाप आणि घसा साफ करणारे आजोबा आहेत. तिकडे ज्या प्रेक्षकावर सबंध बॅले कंपन्यांचं वर्षाचं गणित अवलंबून असतं, तो आपल्याकडे फुकट आणि हमखास आहे. नाही ती फक्त एक गोष्ट, जी पुढच्या वर्षी परत येईल.

बरं, हे आपल्याला जमत नाही असंही नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्रभर मुखवटे लावून देवादिकांची, राक्षसांची सोंगं नाचत येतात, नाचणारे गावातलेच, आणि अमुक सोंग अमुक घराण्याकडे असा मान चालत आलेला असतो. मुखवटा बापाकडून पोराकडे. कोकणात जत्रेला दशावतार ठरलेला. दिल्लीत श्रीराम भारतीय कला केंद्राची रामलीला १९५७पासून दर नवरात्रात होते, नृत्यनाट्याच्या रूपात, आणि ती लहानपणी पाहिलेले लोक आता नातवंडांना घेऊन जातात. परंपरा म्हणून ही मोठी उदाहरणं आहेत. शहरातल्या शाळेने मात्र ही सवय सोडली. का सोडली असेल? माझा अंदाज असा की आपल्याला 'नवीन काय?' या प्रश्नाची भीती वाटते. तेच तेच केलं तर बाईंनी मेहनत घेतली नाही असं पालक म्हणतील.

मराठी बालरंगभूमीचं काय, असं तुम्ही म्हणाल. तिचा इतिहास श्रीमंत आहे. सुधा करमरकरांच्या लिटिल थिएटरने १९५९मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' आणलं. मतकरींनीच पुढे 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' लिहिलं. २०१८मध्ये 'अलबत्या गलबत्या' नव्याने आलं, चिन्मय मांडलेकरांचं दिग्दर्शन आणि चेटकिणीच्या भूमिकेत वैभव मांगले. ही भूमिका पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली. म्हणजे बाप प्रभावळकरांची चेटकीण बघून मोठा झाला आणि पोराला मांगलेंची दाखवायला घेऊन आला. नटक्रॅकरचा अर्धा चमत्कार इथे घडला. पण अर्धाच. कारण चेटकीण मोठा नट करतो, पोरं खुर्चीत बसून किंचाळतात. किंचाळणं मजेचंच असतं, पण त्याला जिना नसतो.

पूर्ण चमत्काराच्या सगळ्यात जवळ आपण एकदा पोचलो होतो, असं मला वाटतं. आविष्कारच्या 'चंद्रशाला' या बालविभागाने ऐंशीच्या दशकात 'दुर्गा झाली गौरी' केलं. लेखन माधव साखरदांडे, नृत्यं गुरू पार्वतीकुमारांची, पाठीशी सुलभा देशपांडे. नृत्यनाट्य, रंगमंचावर पोरांची फौज, आणि पिढ्या बदलत पुन्हा पुन्हा झालेले प्रयोग. नटक्रॅकरला मराठी नाव द्यायचं तर हेच. माझं भांडण आहे ते शीर्षकाशी. दुर्गेला गौरी व्हायलाच हवं का? चप्पल फेकून मारणारी मुलगी तिकडे बक्षीस म्हणून मिठायांचं राज्य मिळवते, आपल्याकडे तिला आधी सुधारावं लागतं. पण ते असो. मुद्दा असा की एवढी पोरं बसमध्ये घालून कुणी औरंगाबादला आणणार नव्हतं. तसं नाटक दौऱ्यावर येत नसतं. ते त्या-त्या गावात, तिथल्या पोरांना घेऊन पुन्हा बांधायचं असतं, आणि आपण नाटकाकडे तसं बघायला शिकलोच नाही. आपल्यासाठी नाटक म्हणजे मुंबई-पुण्याहून ट्रक येतो, तापडिया नाट्यमंदिरात सेट लागतो, रात्री ट्रक परत जातो. उलट दिशेचा प्रवासही तसाच: 'जिगीषा' आमच्या शहरात जन्मली आणि मुंबईत मोठी झाली. 'जाणता राजा'ने गावोगावी स्थानिक माणसांना मावळे केलं, पण तेही आले आणि गेले. राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी मुलं महिनोन्महिने तालमी करतात. प्रयोग होतो, बक्षिसं लागतात, आणि बहुतेक नाटकं तिथेच थांबतात. पुढच्या वर्षी नवी संहिता.

परंपरेच्या प्रेमात आंधळं व्हायचीही सोय नाही. तिकडेही भानगडी आहेत. तो चहाचा चिनी नाच वर्षानुवर्षं बोटं वर करून, माना डोलवत, चिनी माणसांची टिंगल केल्यासारखा होत आला. २०१७पासून त्याविरुद्ध नर्तकांनीच मोहीम उघडली आणि न्यूयॉर्कने आपला नाच बदलला. पुन्हा पुन्हा होणाऱ्या कलाकृतीची अशी डागडुजी करता येते, हा तिचा फायदाच. एकदाच होणाऱ्या गॅदरिंगमधला फालतू आयटम कोण दुरुस्त करणार? दुसरी गोष्ट पैशाची. ताई फीचा आकडा सांगायला तयार नव्हती, यावरून काय ते समजा. त्या सोळा उंदरांच्या घरी दोन-दोन गाड्या होत्या. माझ्या पाचवीच्या वर्गातली साठ पोरं, रिक्षावाल्याचीही आणि डॉक्टरचीही, एकाच रांगेत नाचली होती. त्या बाबतीत आमचं गॅदरिंग त्यांच्या बॅलेच्या पुढे होतं, आणि हे मी गंमतीने म्हणत नाही.

म्हणून मला वाटतं की नटक्रॅकर इथे आणण्यात अर्थ नाही, त्याची रचना आणण्यात आहे. दुसऱ्या अंकासाठी आयटम लागतात ना? आमच्या शहरातल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, त्या संत एकनाथांनी ते सोळाव्या शतकात पैठणला लिहून ठेवलेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा, मुका, आणि विंचू. भारूड म्हणजे एकामागून एक येणारी सोंगंच. हक्क कुणाचे नाहीत. उंदरांच्या राजाच्या जागी विंचू किती झकास दिसेल! नाच शिकवणारी माणसं शहरात आहेत. एमजीएमच्या आवारात 'महागामी' गुरुकुलात कथक आणि ओडिसी वर्षानुवर्षं शिकवलं जातंय. आणि तिथून पंधराएक किलोमीटरवर, देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, ज्याचा शेवटचा अध्याय सबंध नृत्यावर आहे. गोष्ट तेवढी कुणीतरी बांधायला हवी: एक मुलगी, एक रात्र, एक विंचू. आणि मग ती बदलायची नाही, निदान दहा वर्षं. पालक कुरकुरतील. तिसऱ्या वर्षी आपली कुरकुर बंद होईल, कारण तोवर त्यांची पोरगी बहिऱ्यावरून वासुदेवावर चढलेली असेल.

यंदा मे महिन्यात ताई सगळ्यांना घेऊन इकडे आली. दुपारी वीज गेली म्हणून पोरं गच्चीच्या जिन्यात बसली होती. थोड्या वेळाने मोबाईलवर ती लढाईची धून ऐकू आली. वर जाऊन बघतो तर भाची पुतण्याला उंदराची चाल शिकवत होती: गुडघे वाकव, हात छातीशी, तीन पावलं पुढे आणि एकदम मागे बघ. ती आता उंदीर राहिलेली नव्हती, या डिसेंबरात शिपाई होणार होती. आईने परकराची जुनी नाडी शोधून पुतण्याच्या कमरेला शेपूट म्हणून बांधली होती. तो तीन पावलं पुढे गेला, मागे बघितलं, शेपटीत पाय अडकून पडला, उठला, परत सुरुवातीपासून. मग थांबून त्याने तिला विचारलं, "उंदरानंतर मी कोण?"